बोटं अक्कम्माची, व्यायाम येडूचा

आमच्या दवाखान्यात रोज सकाळी मिलचा भोंगा झाला की पाच-सहा बाया गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या. या प्रकाराबद्दल सोलापुरात कुणाचीही कसलीही तक्रार नव्हती. बाया खूश, डॉक्टर खूश, पाणीसुद्धा गरम. ज्या गोष्टीबद्दल तक्रार नाही तिच्याकडे कमिटीचं लक्ष हमखास जातं, हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. पण मी पडलो कंपाउंडर. लाल औषधात पाणी किती आणि पांढऱ्यात किती, एवढंच बघणारा माणूस.

दवाखाना 'सर्वोपयोगी शरीरसुधारणा मंडळा'चा. मंडळाच्या दोन शाखा. एक दवाखाना आणि दुसरी तालीम, मधे बोळ. तालमीत हाड मोडलं की बोळ ओलांडून आमच्याकडं यायचं, आणि आमच्याकडं जुळलं की परत मोडायला तिकडं. असा दोन्ही शाखांत सलोखा होता. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांचा हातमागाचा मोठा कारखाना, अंगावर लांब कोट, आणि एक दिवस आपल्या नावामागं सरकार 'रावसाहेब' लावणार अशी खात्री. तालमीचे वस्ताद हिंदुराव हे कमिटीचे चिटणीस होते. वस्तादांना लिहिता फारसं येत नसे, पण त्यांनी 'मंजूर' म्हटल्यावर 'नामंजूर' म्हणायची कुणाची छाती नव्हती. चिटणिसाला आणखी काय लागतं?

गरम पाण्याची टूम डॉक्टर बिराजदारांची. तरुण माणूस, अक्कलकोटकडचे. शिकून आलेले असले तरी अजून रोगी बरा व्हावा असं त्यांना वाटायचं. पहिल्यांदा अक्कम्मा आली तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेऊन कितीतरी वेळ बघितले.

अक्कम्मा आबासाहेबांच्याच कारखान्यात कांड्या भरायची. मागावरच्या धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर रहाटानं सूत गुंडाळायचं, आणि सूत तुटलं की चिमटीत धरून गाठ मारायची. गाठ अशी, की लुगडं नेसणारीला जन्मात सापडू नये. आता तिच्या बोटांची पेरं आवळ्यासारखी सुजली होती. सकाळी मूठ मिटली तर उघडायची नाही, उघडली तर मिटायची नाही.

"मैनुभाई," ती मला म्हणायची, "हात माझाच आहे, पण सकाळी सकाळी ओळख देत नाही बघ."

डॉक्टरांनी तिला खरं ते सांगितलं. "हा सांध्यांना धरणारा वात आहे, अक्कम्मा. मुळापासून जायचा नाही. पण बोटं रोज हलती ठेवलीस तर कामाला येत राहतील. बसवलीस तर बसतील ती कायमचीच."

बोटं बसली म्हणजे रहाट गेला. रहाटाशेजारी रंभाबाई नावाची तरणीताठी बाई आधीच येरझाऱ्या घालत होती. डॉक्टरांनी शब्द टाकला म्हणून आबासाहेबांनी अक्कम्माला तासभर उशिरा यायची सवलत दिली होती. तेवढ्या तासात ती आमच्याकडं घंगाळात हात शेकायची आणि मग व्यायाम करायची. मूठ अलगद मिटायची, आत चिमणीचं पिल्लू असल्यासारखी. अंगठा एकेका बोटाला लावायचा. हात पालथा ठेवून एकेक बोट उचलायचं. "जोर लावायचा नाही, दुखलं की थांबायचं," एवढा एकच मंत्र डॉक्टरांचा. अक्कम्मा तेलुगूत मोजायची, "ओकटि, रेंडु, मूडु," आणि बाकीच्या तिच्यामागं.

"ही काय मोजती मला कळत न्हाय," बजाबाई म्हणायची, "पर बोटास्नी कळतंय."

बजाबाई म्हणजे भाकऱ्या थापून विकणारी म्हातारी. तिची बोटं वाकडी, जीभ मात्र सरळ.

बिघडलं ते सरपणापासून. थंडी पडली, बंबाला सरपण जास्त लागायला लागलं, आणि डॉक्टरांनी कमिटीकडं 'रोग्यांच्या हाताच्या व्यायामासाठी' जादा सरपण मागितलं. कमिटी बसली. मी पान-सुपारीचं तबक घेऊन उभा होतो.

आबासाहेबांनी चष्मा पुसला. "डॉक्टर, दवाखान्याने द्यायचे ते औषध. अंग हलवायचे ते तालमीत. मंडळाच्या घटनेत हे स्पष्ट आहे. तुम्ही दुसऱ्या शाखेच्या कार्यात हात घालताय."

"मी नाही, त्या बायका हात घालतात. आणि तोही पाण्यात," डॉक्टर म्हणाले. "त्या आजारी आहेत हो."

"आजारी आहेत तोवर बाटली द्या. हलायला लागल्या की त्या तालमीच्या."

"मंजूर," हिंदुराव म्हणाले. "बंब आजच धाडा. पैलवानास्नी आंघुळीला गार पानी लई बाधतंय."

संध्याकाळी बंब, घंगाळ आणि उरलेलं सरपण बोळ ओलांडून गेलं.

दुसऱ्या दिवशी बायाही बोळ ओलांडून गेल्या. तालमीच्या दारात हिंदुराव हात जोडून उभे. एवढा धिप्पाड माणूस हात जोडून उभा राहिला की तो नमस्कार आहे की दाराचा अडसर, ते कळत नाही.

"माय, मारुतीचं ठिकान हाय. बाईमानसाला आत येता येत न्हाय."

"आरं हिंदू, तुला पाळण्यात बघितलाय मी," बजाबाई म्हणाली. "तवा लंगोटबी नव्हता तुला."

"तवाचं तवा. आता हाय की."

"मग आमचं पानी भाईर दे."

"पानी आतलं हाय. भाईर दिलं तर भाईरचं हुतंय. माझ्या अखत्यारीत न्हाय."

अक्कम्मानं पदराखाली दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. तेवढीच ऊब. मग ती तशीच कारखान्याकडं गेली.

पुन्हा कमिटी. डॉक्टर म्हणाले, घंगाळ बोळात ठेवा. आबासाहेब दचकले. "बोळातून चार प्रतिष्ठित माणसे जातात-येतात. भर रस्त्यात बायका हात हलवत बसल्या तर मंडळाची अब्रू काय राहील?" डॉक्टर म्हणाले, मग बंब परत द्या. ते घटनेत बसेना. बायांना आत घ्या म्हणावं, तर ते मारुतीच्या नियमात बसेना. सगळे आपापल्या जागी घट्ट बसलेले, आणि बसायला जागा नव्हती ती फक्त त्या बायांना.

मला राहवलं नाही. तबक पुढं करत मी म्हटलं, "मग असं करा की. बायांच्या वतीनं घरचा गडीच येऊन व्यायाम करून गेला तर?"

मी थट्टा करतोय, हे आजवर कुणाला वेगळं सांगावं लागलं नव्हतं. मी हशाची वाट बघत उभा राहिलो. आबासाहेबांचं पान हातातच थांबलं.

"मैनुद्दीन," ते म्हणाले, "तू बोललास ते आपल्या रीतीला धरून आहे."

"अं?"

"दस्तावर बाईच्या वतीने अंगठा कोण उठवतो? घरातला पुरुष. देवळात नवस तिचा, लोटांगण कोण घालतो? नवरा. लग्नाची पोरगी पसंत आहे का, याचे उत्तर तिच्या वतीने कोण देतो? बाप. एवढे सगळे वतीने होते, तर बोटांनीच काय घोडे मारले आहे?"

कमिटीतली सगळी डोकी एकदम हलली. अशा वेळी मान न हलवणारा एकटाच डॉक्टर, म्हणजे अल्पमत. तिथल्या तिथं ठराव झाला: 'ज्या रोग्यास तालमीत येणे प्रशस्त नाही, त्याच्या वतीने सुदृढ प्रतिनिधीने हाताचा व्यायाम करावा, व त्यापासून येणारा गुण मूळ रोग्यास आला असे समजावे.'

"समजावे म्हणजे?" डॉक्टर उभे राहून म्हणाले. "एक जण जेवला तर दुसऱ्याचे पोट भरते का?"

"डॉक्टर," आबासाहेब शांतपणे म्हणाले, "श्राद्धाला आपण आणखी काय करतो?"

यावर डॉक्टर खाली बसले. मी सुपारी चघळत विचार करत होतो, की थट्टा करताना माणसानं आसपास कमिटी तर बसलेली नाही ना, एवढं बघावं.

अक्कम्माच्या वतीनं तिचा मुलगा येडू जायला लागला. येडू स्वतः मागावर विणायचा, गरीब स्वभावाचा. बजाबाईची पंचाईत झाली. तिला ना नवरा ना मुलगा. कमिटीनं तिच्यासाठी तालमीतलाच एक पैलवान नेमून दिला, भीमा. भीमा दारात आला की घरात अंधार व्हायचा. बजाबाईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याचा पंजा उलटापालटा करून बघितला.

"ह्यो माजा हात?"

"व्हय आजी."

"मग चल. पीठ मळून ठिवलंय, भाकऱ्या थाप."

"ते न्हाय बसत ह्यात," भीमा लाजून म्हणाला. "मला फकस्त बरं व्हायला सांगितलंय."

आता तालमीत व्यायाम म्हणजे तालमीच्या इतमामानंच व्हायचा. डॉक्टर बिचारे पहिल्या दिवशी समजावून द्यायला गेले. "वस्ताद, मूठ अलगद मिटायची. जोर लावायचा नाही."

हिंदुरावांनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली, जणू डॉक्टरांनाच कसला तरी ताप चढला असावा. "जोर न लावता व्यायाम? मग डाक्तर, झोपेला काय म्हनायचं?"

तेव्हा वस्तादांनी त्यात सुधारणा केली. चिमणीच्या पिलाच्या जागी वीट आली. अंगठा बोटाला लावायच्या ऐवजी दोन बोटांत सुपारी फोडायची. ओलं घोंगडं पिळून कोरडं करायचं. एकेक बोट उचलायचं ते होतंच, फक्त त्या बोटाला भरलेली घागर अडकवायची. पाणी तापत होतंच, त्यात पैलवान न्हायचे. आणि रोग्याला ताकद यायची तर प्रतिनिधीला खुराक पाहिजे, म्हणून मंडळानं प्रत्येक प्रतिनिधीला दूध-बदाम चालू केले.

दूध चालू झालं आणि सोलापुरात हाताच्या वाताबद्दल एकदम कळकळ निर्माण झाली.

आदल्या महिन्यापर्यंत ज्या म्हाताऱ्यांकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांच्या बोटांना गिऱ्हाईक आलं. धडधाकट गडी गल्लोगल्ली विचारत फिरायचे, "घरात सुजलेली कुणी हाय का?" मोहोळच्या एका जावयानं सासूला सन्मानानं आणलं, आणि आठ दिवसांत तिची बोटं सुजली नाहीत म्हणून परत नेऊन सोडलं. गैबीसाब टांगेवाल्याच्या चुलतीवरून तर दोघा भावांत जुंपली. चुलती एक, पुतणे दोन, दूध दोघांना पाहिजे. प्रकरण कमिटीपुढं आलं. कमिटीनं निवाडा दिला: उजवा हात थोरल्याचा, डावा धाकट्याचा. फक्त चुलती सामाईक. चुलती कुठं होती कुणाला ठाऊक. निवाड्याच्या वेळी तिला बोलवावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? मी रोज बोळात उभा राहून कोण कुणाची मावशी पुढं करतोय ते बघायचो. पण अक्कम्मा आली की माझं हसू आखडायचं. तिची बोटं आता एका बाजूला कलायला लागली होती. सूत तुटलं की गाठ बसायची नाही. बसलीच तर लुगड्यात खडा टोचल्यासारखी लागायची.

एकदा ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. येडू तालमीतून आला, मिशीला दुधाची साय.

"अम्मा, आज नारळ फोडला बघ नुसत्या पंजानं!"

"नारळ राहू दे, नायना, बाळा," ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून तुटलेलं सूत काढून पुढं केलं. "ह्याला गाठ मार."

येडूनं सूत चिमटीत धरलं. तट्. दुसऱ्यांदा धरलं. तट्. विणकराचा पोरगा तो, पण हाताला आता विटेची सवय झालेली. तो ओशाळून माझ्याकडं बघायला लागला.

"मागावरबी असंच हुतंय, मैनुभाई. सूत हातात आलं की मरतंय."

म्हणजे आता घरात सूत न धरणारे हात दोनाचे चार झाले.

डॉक्टरांनी मग दार लावून आपल्या स्पिरिटच्या शेगडीवर पाणी तापवायला सुरुवात केली. एका वेळी एका बाईचे हात कसेबसे मावतील एवढं पातेलं. ते तालमीत कळलं. लगेच कमिटीकडून ताकीद आली, की या रोग्यांचा व्यायाम तालमीत प्रतिनिधीमार्फत यथास्थित चालू आहे. त्याच बोटांना दवाखान्यातही व्यायाम दिल्यास बोटांवर अतिश्रमाचा बोजा पडेल, याची डॉक्टरांनी नोंद घ्यावी. शेगडी कपाटात गेली.

"मैनुद्दीन," डॉक्टर म्हणाले, "मी हात बघतो आणि हे लोक निकाल बघतात."

"मग डॉक्टरसाब, निकालाला औषध द्या," मी म्हटलं.

मंडळाचा वार्षिक समारंभ झाला. मामलेदारसाहेब पाहुणे. मांडवात पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या आणि बाजूला बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा. पडद्यामागं मूळ रोगी. मंचावर प्रतिनिधींची रांग उभी राहिली. "बजाबाई!" असा पुकारा झाला की भीमा पुढं यायचा, वीट दोन हातांत धरायचा आणि कडाकन दोन तुकडे. मांडव टाळ्यांनी दणाणायचा. "अक्कम्मा!" येडूनं वीट फोडली. गैबीसाबच्या चुलतीच्या दोन्ही हातांनी एकमेकांशी कुस्तीच धरली आणि डावा हात चितपट झाला. मामलेदारसाहेब माझ्याकडं वाकून म्हणाले, "बायका इकडच्या फारच सशक्त दिसतात."

आबासाहेब बोलायला उभे राहिले. एकूण एक रोगी बरे झाले, असं उदाहरण साऱ्या इलाख्यात नाही, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता मी स्वतःपासूनच सुरुवात करतो. माझ्या कारखान्यातील अक्कम्माला दुखण्यामुळे उशिरा येण्याची मुभा होती. ती आज पूर्ण बरी झाली. उद्यापासून ती भोंग्याबरोबर रहाटावर बसेल. तिचे अभिनंदन!"

टाळ्या. तेवढ्यात पडदा हलला आणि अक्कम्मा उभी राहिली.

"मालक, बरं वाटतंय ते येडूला. मग कांड्या पण माझ्या वतीनं त्यालाच भरू दे?"

आबासाहेब हसले, लहान पोराला समजवावं तसं.

"नाही हो, अक्कम्मा. बरे दुसऱ्याने झाले तरी चालते. काम मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते."

या वाक्याला त्या दिवशीच्या सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून अक्कम्मा भोंग्याबरोबर रहाटावर. बोटं बंद, सूत तुटतंय, कांड्या ढिल्या. रंभाबाई आता येरझाऱ्या सोडून शेजारी पाट टाकूनच बसली होती. आबासाहेब लई दयाळू माणूस, म्हणाले, "दसऱ्याची लुगडी होऊ देत, मग बघू." बघू म्हणजे काय, ते कारखान्यात सगळ्यांना कळत होतं.

आता पुढचं जे झालं, त्यात माझा काही हात नाही. रोगानं मंडळाची घटना वाचलेली नव्हती, एवढंच कारण.

एका सकाळी मागच्या दारानं आबासाहेब दवाखान्यात आले. हात शालीत. कोटाची बटणं उघडी, कारण लावता आली नव्हती. त्यांनी हात बाहेर काढले. पेरं आवळ्यासारखी.

डॉक्टरांनी ते हात तसेच हातांत घेतले, जसे अक्कम्माचे घेतले होते. हा त्या माणसातला दोष म्हणा, त्यांना हातांत फरक करता येत नसे.

"सकाळी गरम पाणी. मग अलगद व्यायाम. रोज," ते म्हणाले.

"बायकांसारखा घंगाळात हात घालून बसू मी?"

"पुरुषांसारखे बसा. पाणी तेच आहे."

"आणि व्यायाम म्हणजे तालमीत जायचे? हिंदुराव मला वीट देईल हो!" आबासाहेबांचा आवाज चिरकला. पहिल्यांदाच मला तो माणसाचा वाटला. "चारचौघांत माझी मूठ मिटत नाही हे दिसले, तर रावसाहेबकीचे काय?"

मी खलबत्ता बाजूला ठेवला. "आबासाहेब, ठराव आहे की. ज्याला तालमीत येणं प्रशस्त नाही, त्याच्या वतीनं प्रतिनिधी."

"तो बायकांसाठी."

"ठरावात रोगी म्हटलंय. आणि तुम्हाला तरी कुठं प्रशस्त आहे?"

ते विचारात पडले. "पण प्रतिनिधी कोण? मुलगा पुण्याला असतो. आणि हिंदुरावच्या माणसांनी आमच्या नावाने विटा फोडलेल्या मला चालणार नाहीत."

"असं बघा," मी म्हटलं. "आजवर तुमच्या वतीनं कुणाचे हात हलले? गावात बायका म्हणतात, आबासाहेबांच्या लुगड्याला काय सफाई आहे! तुम्ही तर रहाटाला कधी हात लावला नाही. मग ती सफाई कुणाच्या बोटांची? वीस-वीस वर्षं जे हात तुमचं काम करतायत, तुमच्या वतीनं हलायची सवय त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?"

डॉक्टर एकदम वळून औषधाच्या कपाटात काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ त्यांना सापडेना. त्यांचे खांदे हलत होते.

"अक्कम्मा," आबासाहेब हळूच म्हणाले. "पूर्ण बरी झालेली, म्हणजे सुदृढच. बाईमाणूस, तालमीत जाता येत नाही; आमच्या घरातल्या सोप्यात बसली तर कुणाला संशयही यायचा नाही."

"व्यायाम मात्र डॉक्टरांच्या पद्धतीचा," मी म्हटलं. "अध्यक्षांच्या बोटांना वीट शोभत नाही."

आणि झालं की! रोज सकाळी आबासाहेबांच्या सोप्यात, आबासाहेबांच्या सरपणावर, आबासाहेबांच्या तांब्याच्या घंगाळात अक्कम्मा हात शेकत बसायला लागली. मालकाचं काम अर्धवट टाकून रहाटावर जाता येत नाही, म्हणून उशीर माफ. दूध-बदाम आले, ते नियमानं प्रतिनिधीचे. पहिल्या दिवशी पेला तिच्या हातातून निसटला. पुढं पुढं दोन्ही हातांनी धरून ती तो पार संपवायची. "ओकटि, रेंडु, मूडु." चार-सहा आठवड्यांत तिची मूठ पूर्वीएवढी मिटायला लागली. दुखणं गेलं नव्हतं, डॉक्टरांनी तसं कबूलही केलं नव्हतं. पण सूत चिमटीत राहायला लागलं आणि रंभाबाईनं पाट उचलला. दसऱ्याच्या लुगड्यांत गाठ कुठं आहे, ते कुणाला सापडलं नाही.

आबासाहेबांची बोटं त्याच काळात जास्त सुजली. पण दूध-बदामांच्या हिशेबातून कमिटीला सगळं कळलं, आणि तिनं रीतसर प्रतिनिधी तपासला. अक्कम्मानं मूठ मिटून दाखवली. हिंदुराव म्हणाले, "अध्यक्ष ठनठनीत. मंजूर."

"अहो, मला दुखतंय!" आबासाहेब म्हणाले.

"तुमाला तसं वाटत आसंल," हिंदुराव प्रेमानं म्हणाले. "पर बरं झालंया असं समजायचं ठरलंय न्हवं? तुमीच केलाय ठराव."

बरा झालेला माणूस आता कुणाला हात दाखवणार? अध्यक्षांच्या प्रकृतीबद्दल अभिनंदनाची सभा झाली. पुष्पगुच्छ द्यायला लागले तेव्हा आबासाहेबांनी शालीतून हात काढलेच नाहीत. लोक म्हणाले, केवढी ही विनम्रता!

परवा सकाळी मी औषधाची बाटली पोचवायला त्यांच्याकडं गेलो. अक्कम्मा कारखान्याकडं निघून गेली होती. सोप्यात दार लोटलेलं. फटीतून बघितलं, तर आबासाहेब एकटेच घंगाळापुढं बसलेले. अक्कम्माच्या उरलेल्या पाण्यात दोन्ही हात. मूठ अलगद, पिल्लू धरल्यासारखी. ओठ हलत होते. कान देऊन ऐकलं, तर मालक तेलुगूत मोजत होते.

मी बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि पाय न वाजवता परत आलो. काही आजारांत माणसाला एकट्यालाच बरं होऊ द्यावं.

बोळात बजाबाईनं मला गाठलं. भीमाची आता तिच्या नावावर तीन तालुक्यांत कीर्ती झालेली. तिच्या हातात काठी होती, पण काठी धरवत नव्हती म्हणून ती मनगटाला फडक्यानं बांधलेली.

"कंपोंडर, अक्कम्माचं झालं. आमचं काय? बाकीच्या आमी आजून सुजलेल्याच हाव न्हवं का?"

"तुला एक मालक पाहिजे, बजाबाई," मी म्हटलं. "बोटं सुजलेला. घरात सरपण असलेला. आणि स्वतः घंगाळापुढं बसायची लाज वाटणारा."

"सुजलेला कुटनं आणू? असं रोगी काय मागून मिळत्यात?"

"सुजलेला नसला तरी भागेल ग. स्वतः काही न करता, एक बरी झाली की तिच्या वतीनं सगळ्या बऱ्या झाल्या असं समजणारा पाहिजे."

"असं लई हायती," ती म्हणाली. "पर कुनाच्या दारात जाऊ?"

तेव्हापासून मी शोधात आहे. आणि आता तुम्ही भेटलात. पहिल्यापासून इथवर, हातावर हात ठेवून, मजेत ऐकत बसलात. अक्कम्माचं बरं झालं तेव्हा तुम्हालाही बरं वाटलं. गोष्ट संपली म्हणून उठायच्या बेतात होतात, बाकीच्या बायांचं काय झालं ते विचारल्याशिवाय. तेव्हा बजाबाईला तुमचा पत्ता दिलाय. भोंग्याबरोबर येईल ती. बंब पेटवून ठेवा, आणि दार तुम्ही स्वतः उघडा.